परदेशी खरेदीदाराने पैसे अडवले आणि प्रकरण लवादात गेलं: भारतातली प्रक्रिया, पायरी पायरीने

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फाउंड्रीत मी निर्यातीचं कामकाज बघते. आमच्या एका युरोपीय खरेदीदाराने कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत, पोकळ्या निघाल्या असं सांगून तीन कंटेनरचे पैसे थांबवले. पहिली नोटीस गेल्यापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत जवळपास चार वर्षं गेली. त्यातलं पहिलं वर्ष आम्हाला काहीच माहीत नव्हतं म्हणून गेलं. तुमचं तेवढं वर्ष वाचावं, यासाठी हे लिहिते आहे. मी वकील नाही आणि तुम्हाला वकील लागणारच आहे. पण वकिलाकडे जाताना पिशवीत काय असावं, कोणता प्रश्न आधी विचारावा आणि कुठली तारीख चुकली तर परत येत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते.

आधी शब्दांचं बघू. न्यायालयाऐवजी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या त्रयस्थाकडून वादाचा निर्णय करून घेणं म्हणजे लवाद. निर्णय देणारा तो आर्बिट्रेटर, आणि त्याचा निर्णय म्हणजे निवाडा, ज्याला सगळे अवॉर्डच म्हणतात. भारतात यासाठी 'लवाद आणि समेट अधिनियम, 1996' आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने 1985 साली केलेल्या नमुना कायद्यावर तो बेतलेला आहे, म्हणून परदेशी वकिलांनाही त्याची रचना ओळखीची वाटते. 2015, 2019 आणि 2021 साली त्यात दुरुस्त्या झाल्या. नेटवर सापडलेला जुना लेख वाचत असाल तर तो कुठल्या सालचा आहे, हे आधी बघा. खाली जिथे नुसतं 'कलम' लिहिलं आहे ते याच कायद्याचं.

1. तुमचा वाद 'आंतरराष्ट्रीय' आहे का, ते तपासा

नुसता माल परदेशी गेला म्हणून वाद आंतरराष्ट्रीय होत नाही. कलम 2 मधली व्याख्या पक्षकाराकडे बघते. दोहोंपैकी किमान एक पक्ष परदेशी नागरिक किंवा नेहमी परदेशात राहणारी व्यक्ती, परदेशात नोंदलेली कंपनी, जिचा मुख्य कारभार परदेशातून चालतो अशी संस्था किंवा परदेशी सरकार असायला हवं.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. परदेशी कंपनीच्या भारतात नोंदलेल्या उपकंपनीशी करार केला असेल, तर मालक कुठलाही असो, तो लवाद देशांतर्गत. याच्या उलट, अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाच्या नावावर प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, व्यवसाय असेल, तर तो वाद आंतरराष्ट्रीय ठरू शकतो. ॲमवे इंडियाच्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने तसंच ठरवलं.

हा फरक महत्त्वाचा, कारण पुढे कुठल्या न्यायालयात जायचं ते यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय असेल तर जिल्हा न्यायालयाचा संबंध येत नाही. काम उच्च न्यायालयात, आणि आर्बिट्रेटर नेमण्याचा अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात. आमचा तो अर्ज मुंबई उच्च न्यायालयासाठी टाइप होऊन तयार होता. दाखल करायच्या दोन दिवस आधी एका ज्येष्ठ वकिलांच्या लक्षात आलं.

2. लवादाची अट शोधा, आणि तिच्यात 'सीट' शोधा

सगळ्या लेखातलं एकच काहीतरी लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सीट म्हणजे लवादाचं कायदेशीर घर. सुनावणी कुठल्या हॉटेलात किंवा व्हिडिओवर झाली, याला व्हेन्यू म्हणतात, आणि ते सोयीपुरतं असतं. सीट मात्र ठरवते की लवादावर कुठल्या देशाची न्यायालयं देखरेख करतील आणि निवाडा रद्द करून घ्यायचा तर कुठे जावं लागेल. भारतात हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या बाल्को (भारत ॲल्युमिनियम कंपनी) निकालाने पक्कं केलं: सीट परदेशात असेल, तर आपल्या कायद्याचा पहिला भाग लागू होत नाही आणि तो निवाडा इथे रद्द करता येत नाही.

आमच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की लवाद मुंबईत होईल. त्याखालच्याच ओळीत लिहिलं होतं की न्यायालयीन अधिकार खरेदीदाराच्या शहरातल्या न्यायालयांना राहील. आमच्या इन्व्हॉइसवर तिसरंच, 'कोल्हापूर न्यायकक्षेच्या अधीन' असा रबरी शिक्का. ऑर्डर आली तेव्हा यातली एकही ओळ कुणी वाचली नाही, आणि नंतर या तीन ओळींचा अर्थ लावण्यात आठ महिने गेले.

असे गोंधळ मोठ्या कंपन्यांच्या करारातही असतात. 2025 साली सर्वोच्च न्यायालयासमोर कोलंबियातली एक वितरक कंपनी आणि गुजरातमधली वैद्यकीय उपकरणांची कंपनी यांचा करार आला. त्यात एका अटीत भारताचा कायदा आणि गुजरातची न्यायालयं, तर दुसऱ्या अटीत बोगोटामध्ये लवाद. न्यायालयाने दोन्ही अटी एकत्र वाचून भारतीय न्यायालयांचा अधिकार मान्य केला. पण तेवढ्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

करार अजून व्हायचा असेल, तर अटीत एवढं स्पष्ट लिहून घ्या:

• 'लवादाची सीट मुंबई, भारत' असे शब्द. नुसतं 'मुंबईत होईल' नको.
• कुठल्या संस्थेचे नियम. मुंबईत 2016 पासून 'मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन' आहे. सिंगापूरचं 'सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर' परदेशी पक्षांना जास्त परिचयाचं. दोन्ही संस्था आपापला नमुना मजकूर देतात, तो शब्दही न बदलता उचला.
• आर्बिट्रेटर किती. कलम 10 नुसार संख्या सम चालत नाही. लहान रकमेला एकच पुरे, तिघे म्हणजे जवळपास तिप्पट फी.
• भाषा इंग्रजी.
• मूळ कराराला कुठल्या देशाचा कायदा. वस्तुविक्रीचा व्हिएन्ना करार भारताने स्वीकारलेला नाही, पण युरोपातल्या बहुतेक देशांनी स्वीकारला आहे. त्यांच्या कायद्याला हो म्हटलंत, तर बहुधा तो करारही सोबत येतो, आणि त्यात मालातला दोष कळवण्याचे वेगळे नियम आहेत.

समोरचा मुंबईला तयार नसेल तर? माझं मत स्पष्ट आहे: सिंगापूर मान्य करा, खरेदीदाराचं गाव नको. खर्च वाढेल, पण दोघांसाठीही परकी जागा म्हणून ती न्याय्य आहे. शिवाय 2015 च्या दुरुस्तीमुळे सीट परदेशात असली तरी तातडीच्या संरक्षणासाठी भारतीय उच्च न्यायालयात कलम 9 खाली जाता येतं. तो हक्क काढून घेणारं एखादं वाक्य मसुद्यात घुसलं आहे का, तेवढं पाहा.

3. मुदत मोजा. आज, आत्ता

लवाद सुरू करायला मुदत असते पैसे देय झाल्यापासून साधारण तीन वर्षं. 'बोलणी चालू आहेत' म्हणून ही मुदत थांबत नाही. स्वित्झर्लंडच्या एका शस्त्र उत्पादक कंपनीचे पैसे संरक्षण मंत्रालयाने 2016 साली बँक गॅरंटी वटवून कापून घेतले. कंपनी पत्रव्यवहार करत राहिली आणि लवादाची नोटीस 2021 च्या अखेरीस दिली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने मागणी मुदतबाह्य ठरवली.

मुदत संपण्याआधी समोरच्याने पैसे देणं लागतो असं सही करून मान्य केलं, तर त्या दिवसापासून नवी मुदत मिळू शकते. म्हणून बोलण्यांमध्ये गोड ईमेलवर समाधान मानू नका. 'एवढी रक्कम देय आहे' असं सहीचं पत्र मागा. ते देत नसतील, तर पुढच्या पायरीला लागा.

4. कागदपत्रं जमवा

नोटिशीच्या आधी हे हातात हवं:

• करार किंवा पर्चेस ऑर्डर, दोन्ही बाजूंसह. मागची बाजू स्कॅन करायला लोक विसरतात.
• ऑर्डर स्वीकारल्याचा ईमेल. कलम 7 ला लवादाचा करार लेखी लागतो, पण तो इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहारातून झालेला चालतो.
• इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमकडचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती).
• मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, तपासणी अहवाल, हीट नंबरची (कुठलं कास्टिंग धातूच्या कुठल्या वितळणीतलं त्याची) नोंदवही.
• तक्रार पहिल्यांदा कधी आली त्याचा ईमेल, आणि त्याला दिलेलं उत्तर.
• थकीत रकमेचा हिशोब, करारातल्याच चलनात, व्याजाच्या तारखांसह.
• कंपनीचा ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र.

ईमेल मूळ खात्यात तसेच ठेवा, पुढे पाठवलेल्या प्रतींवर विसंबू नका. आमचा माल पास झाल्याचं खरेदीदाराच्याच निरीक्षकाने व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, आणि ज्या सहकाऱ्याच्या फोनवर ते आलं तो नोकरी सोडून गेला होता. त्याने तो जुना फोन जपून ठेवला होता म्हणून आमचा सगळ्यात भक्कम पुरावा वाचला.

मूळ पर्चेस ऑर्डर तर कुलुपात ठेवा. वसुलीच्या पायरीवर परदेशी न्यायालय ती किंवा तिची प्रमाणित प्रत मागणार आहे.

5. कलम 21 ची नोटीस

वकिलाने पाठवलेली प्रत्येक कडक नोटीस ही लवादाची नोटीस नसते. 'सात दिवसांत पैसे द्या, नाहीतर कायदेशीर कारवाई करू' एवढ्याने लवाद सुरू होत नाही. वाद लवादाकडे सोपवावा, अशी स्पष्ट विनंती हवी. ती समोरच्याला मिळाल्याच्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात आणि मुदतीचं घड्याळही त्याच दिवशी थांबतं. पाठवल्याच्या दिवशी नाही, मिळाल्याच्या.

नोटिशीत कराराची तारीख, लवादाच्या अटीचा पूर्ण मजकूर, वाद काय, मागणी किती, आणि आर्बिट्रेटर म्हणून तुमची सुचवणी लिहा. कुरिअर आणि ईमेल दोन्हीने, करारात 'नोटीस कुठे द्यावी' म्हणून जो पत्ता आहे त्यावर पाठवा, आणि पोहोच जपा. संस्थेचे नियम निवडले असतील, तर नोटीस संस्थेच्या नमुन्यात आणि शुल्क भरून द्यावी लागते.

अटीत 'आधी 60 दिवस सामोपचाराने बोलणी' असा टप्पा असेल तर तो पाळा आणि पाळल्याचा लेखी पुरावा ठेवा. नाहीतर समोरचा पहिला आक्षेप तोच घेतो.

6. मालमत्ता हलण्याची भीती असेल तर

कलम 9 खाली उच्च न्यायालय लवादाच्या आधीही अंतरिम आदेश देऊ शकतं: बँक गॅरंटी थांबवणं, रक्कम जमा करायला लावणं, माल विकायला मनाई. आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. न्यायाधिकरण, म्हणजे नेमलेले आर्बिट्रेटर, बसल्यावर मात्र हीच मागणी कलम 17 खाली आर्बिट्रेटरकडे करायची. काही संस्थांच्या नियमांत तातडीचा आर्बिट्रेटरही असतो, आणि भारतात सीट असलेल्या लवादात त्याचा आदेश बंधनकारक असल्याचं ॲमेझॉन-फ्यूचर प्रकरणात 2021 साली स्पष्ट झालं.

खरेदीदाराची भारतात काहीच मालमत्ता नसेल, तर या पायरीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

7. आर्बिट्रेटरची नेमणूक

संस्था निवडली असेल तर संस्था नेमते आणि तुम्ही ही पायरी काही आठवड्यांत ओलांडता. निवडली नसेल आणि समोरचा 30 दिवसांत प्रतिसाद देत नसेल, तर कलम 11 खाली सर्वोच्च न्यायालयात अर्ज. तिथे लवादाचा करार अस्तित्वात आहे का, एवढंच प्रामुख्याने पाहतात, वादाच्या गुणदोषात शिरत नाहीत. करार पुरेशा मुद्रांकावर नाही, हा आक्षेप पूर्वी महिनोन्महिने अडवायचा. डिसेंबर 2023 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की ती दुरुस्त होणारी उणीव आहे, त्यामुळे लवादाचा करार निरर्थक होत नाही.

'आर्बिट्रेटर आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील' अशी एकतर्फी अट दिसली तर घाबरू नका. 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून अशा एकट्याने केलेल्या नेमणुकीला न्यायालयं मान्यता देत नाहीत. तुम्ही मात्र तिला लेखी संमती देऊन बसू नका. वाद उद्भवल्यानंतर लेखी सोडलेला आक्षेप पुन्हा घेता येत नाही.

नेमलेल्या व्यक्तीने आपले हितसंबंध लेखी जाहीर करायचे असतात. तो कागद वाचा. शंका असेल तर पंधरा दिवसांत कलम 13 खाली आक्षेप घ्यायचा असतो. आणि नाव सुचवताना एक करा: नुसतं निवृत्त न्यायाधीश म्हणून नाव देऊ नका, त्यांच्याकडे वेळ किती आहे ते विचारा. महिन्यातून एक संध्याकाळ देणारा आर्बिट्रेटर कितीही मोठा असला, तरी लहान कारखान्याला परवडत नाही.

8. पहिली बैठक: फी लिहून घ्या

कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात फीचा तक्ता आहे, पण तो आंतरराष्ट्रीय लवादाला आपोआप लागू नाही. त्यामुळे पहिल्याच बैठकीत फी, ती प्रत्येक सुनावणीला की एकरकमी, आणि कोणी किती भरायची, हे कागदावर आणा. आर्बिट्रेटरने एकतर्फी फी ठरवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली ओएनजीसीच्या प्रकरणात म्हटलं आहे.

फीची अनामत दोघांनी निम्मी निम्मी भरायची असते. आमच्या समोरच्याने त्याचा हिस्सा भरलाच नाही. तेव्हा तो आपल्यालाच भरावा लागतो, नाहीतर काम थांबतं. म्हणून सुरुवातीला खर्चाचा अंदाज करताना संपूर्ण फी तुमच्याच खिशातून जाईल असं धरा. जिंकलात तर कलम 31अ खाली खर्च परत मागता येतो.

9. कामकाज

कलम 23 प्रमाणे दावा आणि उत्तर सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवं. त्यानंतर देशांतर्गत लवादाला निवाड्यासाठी बारा महिन्यांची सक्ती आहे. आंतरराष्ट्रीय लवादात तेवढ्या वेळात संपवण्याचा प्रयत्न करावा, एवढंच कायदा म्हणतो. तारखांचं वेळापत्रक पहिल्याच आदेशात मागून घ्या.

दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा इथे बंधनकारक नाहीत. साक्षीदाराचं म्हणणं लेखी जबाब म्हणून आधीच देतात आणि सुनावणीत थेट उलटतपासणी होते. आमच्या क्वालिटी विभागप्रमुखांची दोन तास झाली, इंग्रजीत, व्हिडिओवर. त्यांनी स्वतः केलेल्या नोंदी त्यांना पाठ होत्या, त्यामुळे ते कुठेच अडखळले नाहीत. साक्षीला अधिकारी मोठा हवा असं नाही, ज्याने काम केलं तोच माणूस बसवा.

समोरच्याकडचे कागद मागायचे असतील, तर रेडफर्न शेड्यूल नावाचा तक्ता वापरतात: कुठला कागद, का हवा, समोरच्याचा आक्षेप, आर्बिट्रेटरचा निर्णय. 'सगळा पत्रव्यवहार द्या' अशी मागणी फेटाळली जाते. आम्ही फक्त त्यांच्या आवक-तपासणीच्या विशिष्ट तारखांच्या नोंदी मागितल्या. त्यात आमचे कास्टिंग पास झालेले निघाले, आणि वादाचं पारडं त्या दिवशी फिरलं.

10. निवाडा हातात आल्यावर

मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. आकड्यातली किंवा टंकलेखनाची चूक दुरुस्त करायला 30 दिवस. निवाडा रद्द करण्यासाठी कलम 34 खाली तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर वर 30 दिवस, त्यापुढे एकही नाही. आंतरराष्ट्रीय लवादातल्या निवाड्याविरुद्ध 'उघड बेकायदेशीरपणा' हे वेगळं कारण चालत नाही, तो मार्ग फक्त देशांतर्गत निवाड्यांना आहे. नुसता आव्हान अर्ज दाखल केल्याने अंमलबजावणीही थांबत नाही, वेगळी स्थगिती घ्यावी लागते.

व्याजाबद्दल निवाड्यात काही म्हटलेलं नसेल, तर निवाड्याच्या तारखेपासून प्रचलित दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज मिळतं.

11. वसुली

निवाडा मुंबईचा, पण पैसे परदेशात. इथे 1958 चा न्यूयॉर्क करार कामाला येतो. भारताने तो 1960 साली मंजूर केला, आणि आज 170 हून अधिक देश त्यात आहेत. खरेदीदाराच्या देशातल्या न्यायालयात निवाड्याची प्रमाणित प्रत, लवादाच्या कराराची मूळ किंवा प्रमाणित प्रत आणि तिथल्या भाषेतलं प्रमाणित भाषांतर द्यावं लागतं. आर्बिट्रेटरकडून सही केलेल्या जादा प्रती निवाड्याच्या वेळीच मागून घ्या, नंतर त्रास होतो.

तुम्ही उलट बाजूला असाल, म्हणजे परदेशातला निवाडा भारतात वसूल करायचा असेल, तर कलम 47 खाली उच्च न्यायालयात अर्ज. मुदत तीन वर्षं. नाकारण्याची कारणं कलम 48 मध्ये मोजकी आहेत, आणि न्यायालय वाद पुन्हा ऐकत बसत नाही. मात्र तो देश भारत सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेला असावा लागतो. हे करार करतानाच तपासा, जिंकल्यावर नव्हे.

12. बँक आणि विमा, पहिल्या दिवसापासून

हे शेवटी लिहिते आहे, पण सुरू व्हायला हवं वाद झाला त्याच आठवड्यात. निर्यातीचे पैसे मुदतीत आले नाहीत, तर तुमचं शिपिंग बिल ईडीपीएमएस या, निर्यातीचे पैसे आले का ते बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत थकीत दिसत राहतं आणि पुढच्या निर्यातीला अडचण येते. बँकेला लेखी कळवा, मुदतवाढ मागा, लवादाच्या नोटिशीची प्रत जोडा. ईसीजीसीची (निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची) पॉलिसी असेल, तर खरेदीदाराने गुणवत्तेचा वाद उभा केल्यावर सहसा संरक्षण मिळत नाही, जोवर त्याच्या देशातल्या सक्षम न्यायालयाचा निकाल तुमच्या बाजूने नसतो. तरीही थकबाकीची सूचना ठरलेल्या वेळेत द्या. पैसे आले की इनवर्ड रेमिटन्सचा, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा, बँकेचा कागद घेऊन प्रत्येक शिपिंग बिलासमोर रक्कम लावून घ्या. व्याज आणि खर्चाची रक्कम मूळ बिलापेक्षा जास्त भरते, म्हणून बँक ती कशासाठी आली ते विचारते. तेव्हा निवाड्याची प्रत सोबत न्या.